जुन्या साड्यांच्या गोधड्या: घरगुती छंदाचा ऑनलाइन व्यवसाय होताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका गावातले आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यातील मुख्य व्यक्तीला येथे ‘श्रीमती क.’ म्हटले असून गावाचे नाव व काही कौटुंबिक तपशील वगळले आहेत. आकडे त्यांच्या वहीतील आहेत. सोयीसाठी ते जवळच्या पूर्ण संख्येत दिले आहेत.

श्रीमती क. पन्नाशीच्या अलीकडच्या आहेत. पती साखर कारखान्यात नोकरीला, थोडी भातशेती, मुलगी शिक्षणासाठी पुण्यात. गोधडी शिवायला त्या सासूबाईंकडून शिकल्या. या भागात गोधडी हे उन्हाळ्याचे काम असते. शेतातली कामे उरकलेली असतात, ऊन कडक असते, जुन्या साड्या धुऊन दिवसभरात खडखडीत वाळतात आणि दुपारी सोप्यावर थर पसरून दोघी-तिघींना टाका घालत बसता येते. साड्यांचे थर एकावर एक नीट अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या, कच्च्या टाक्याने ते जागेवर धरायचे आणि मग लांब सुईने कडेकडून आत धावदोरा घालत यायचे, ही रीत त्यांनी कधी मोडली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगी घरी होती. तिने आईच्या एका गोधडीची छायाचित्रे आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकली आणि पुण्यातल्या एका मैत्रिणीने आपल्या आजीच्या साड्यांची तशीच गोधडी करून मागितली. पैसे किती घ्यावेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ‘हातखर्चापुरते’ १,८०० रुपये ठरले आणि कुरिअरचा खर्चही त्यातच धरला. पुढच्या वर्षी मुलीने स्वतंत्र खाते उघडले. टाका घालणाऱ्या हातांचे छोटे व्हिडिओ लोकांना आवडू लागले आणि पुणे, ठाणे, बंगळुरू येथून, मग अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडूनही विचारणा येऊ लागली. दर मात्र १,८०० वरच राहिला.

अडचण कोठे होती

२०२३ च्या दिवाळीपूर्वी श्रीमती क. यांनी चौदा गोधड्यांची मागणी स्वीकारली होती. कामाचा हिशेब तोवर कोणी मांडलेलाच नव्हता. तो त्या वेळी मुलीने प्रथम कागदावर मांडला.

एकेरी गोधडी सुमारे पाच फूट रुंद व सात फूट लांब असते. एक-एक इंच अंतराने ओळी घातल्या तर सात फुटांच्या साठ ओळी होतात, म्हणजे ४२० फूट धावदोरा. पाच-सहा थरांतून सुई काढताना सरावलेल्या हातालाही तासाला दहा फुटांच्या वर जाणे कठीण असते. म्हणजे बेचाळीस तास नुसत्या टाक्याचे, आणि धुणे, उसवणे, कापणे, जोडणे, थर लावणे व कडेची पट्टी यांचे आणखी आठ तास. पन्नास तासांच्या कामाचे १,८०० रुपये येत होते. त्यातून वेष्टन व कुरिअर यांचेच सुमारे ३०० रुपये वजा केले की तासाला तीस रुपये उरत, आणि दोरा, पट्टीचे कापड, साबण यांचा खर्च त्यातूनच करायचा. त्यांच्याच गावात शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला याहून जास्त मिळत होते.

तेवढ्यावर हे थांबत नव्हते. चौदा गोधड्या म्हणजे सातशे तास. घरचे व शेतातले सांभाळून रोज तीन तास मिळतात असे धरले तरी जवळजवळ आठ महिने. गिऱ्हाइकांना मात्र ‘दिवाळीपर्यंत’ असे सांगून झाले होते.

दर कमी आहे, ही अशा प्रकरणांतली नेहमीची तक्रार आहे आणि ती दर वाढवला की सुटते. येथे त्याहून अवघड अडचण वेगळीच होती, व ती नोव्हेंबरमध्ये समोर आली.

ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने आपल्या दिवंगत आईच्या चार साड्या पाठवल्या होत्या. त्यांतली फिकट रंगाची, रोज नेसून मऊ झालेली सुती साडी सर्वांत वर यावी, अशी तिची एकमेव अट होती आणि ती तिने व्हॉट्सॲपवरच्या बोलत्या निरोपात सांगितली होती. घाईत चारही साड्या एकत्र भिजवल्या गेल्या. त्यांतल्या एका इरकलीच्या तांबड्या पदराचा रंग कच्चा निघाला आणि फिकट साडीवर गुलाबी डाग पडले. ते निघाले नाहीत.

श्रीमती क. यांनी त्या क्षणी घेतलेला निर्णय या साऱ्या प्रकरणात सर्वांत बरोबर होता, असे माझे मत आहे. डागांचा भाग आतल्या थरात घालून गोधडी पूर्ण करता आली असती आणि एखाद्या गिऱ्हाइकाने ते ‘चालते’ म्हणून सोडूनही दिले असते. त्यांनी कात्री लावली नाही. फोन करून जसे घडले तसे सांगितले आणि चारही साड्या न कापता परत पाठवण्याची तयारी दाखवली. दोन दिवसांनी त्या बाईंनी फिकट साडी परत मागवली आणि उरलेल्या तीन साड्यांची गोधडी करायला सांगितली. त्या कामाचे पैसे श्रीमती क. यांनी घेतले नाहीत. त्या गिऱ्हाइकाने जाहीरपणे काही वाईट लिहिले नाही, पण पुन्हा कधी कामही दिले नाही.

या घटनेने व्यवसायाचे खरे स्वरूप स्पष्ट केले. शिवणकामाच्या बरोबरीने श्रीमती क. दुसऱ्याच्या घरातली, पुन्हा न मिळणारी वस्तू काही महिने आपल्या ताब्यात ठेवत होत्या. कापड बिघडले तर नवे आणता येते, आईची साडी आणता येत नाही. ही जबाबदारी ना दरात धरलेली होती, ना कामाच्या पद्धतीत.

विचारात घेतलेले पर्याय

डिसेंबर २०२३ मध्ये उरलेली कामे मागे-पुढे करत पूर्ण केल्यावर कुटुंबाने नव्या मागण्या दोन महिने बंद ठेवल्या आणि पुढचा विचार केला. सगळे थांबवून पुन्हा नात्यातल्यांपुरते शिवावे, हा पतींचा आग्रह होता व तो अवाजवी नव्हता. श्रीमती क. यांना मात्र स्वतःच्या खात्यावर येणारे पैसे थांबवायचे नव्हते.

मुलीचा कल शिलाई यंत्राकडे होता. यंत्रावर तोच ४२० फूट टाका एका दिवसात पडतो, आणि बाजारात ‘गोधडी’ म्हणून विकला जाणारा बराच माल यंत्रावरचाच असतो. परंतु यंत्राचा टाका थरांना घट्ट आवळतो, त्यामुळे अंगावर घेतल्यावर हाताच्या गोधडीचा मऊपणा येत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे असे, की यंत्रावर उतरले की स्पर्धा थेट जयपुरी रजई आणि पानिपतच्या ब्लँकेटांशी होते व त्या किमतीला घरातल्या एका यंत्रावर पुरे पडणे शक्य नसते. हा पर्याय आर्थिक कारणानेच बाद झाला, परंपरेच्या अभिमानाने नव्हे. पुढे सुरू केलेल्या लहान मुलांच्या दुपट्यांच्या कडेची पट्टी आजही त्यांच्याकडे यंत्रावरच लावली जाते.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर तयार माल मांडण्याचा विचार अधिक काळ चालला. तेथे गिऱ्हाईक आपणहून येते, पैसे बुडत नाहीत, पोहोचवण्याची व्यवस्था असते. अडचणी तीन होत्या. पहिली, तेथे छायाचित्रातली वस्तू आणि हातात पडणारी वस्तू हुबेहूब सारखी लागते. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या कधीच सारख्या नसतात. दुसरी, विक्रीवरचे कमिशन आणि परत येणाऱ्या मालाचा खर्च पन्नास तासांच्या वस्तूला झेपत नाही. तिसरी अडचण कच्च्या मालाची होती. तयार गोधड्यांसाठी जुन्या साड्या आणायच्या कोठून? बोहारणीकडून मिळतात, पण हल्ली तिच्या गाठोड्यात निम्म्याहून अधिक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाहीत आणि अंगाला गरम होतात. शिवाय अनोळखी माणसाच्या वापरलेल्या साडीची गोधडी विकत घ्यायला शहरातले गिऱ्हाईक कचरते, हे इन्स्टाग्रामवरच्या प्रश्नांवरून दिसत होते.

स्वतःचे संकेतस्थळ काढावे असे एका नातेवाइकाने सुचवले होते. वर्षाला पन्नासएक गोधड्यांच्या पलीकडे जाणार नाही अशा कामाला त्याची गरज नव्हती. त्यावर फार वेळ घालवला गेला नाही हे बरेच झाले.

शेवटी जो मार्ग निवडला तो असा: गिऱ्हाइकाच्या साड्यांच्या गोधड्या हेच मुख्य काम ठेवायचे, पण मर्यादित संख्येत, आगाऊ नोंदणीने आणि नव्या दराने, आणि त्याच्या जोडीला नव्या मलमलीची लहान मुलांची दुपटी तयार ठेवायची, म्हणजे ज्याला थांबायचे नाही त्याला देण्यासारखे काही असेल.

प्रत्यक्ष कृती

*मजुरी आधी, किंमत नंतर.* वाढत्या कामासाठी शेजारच्या पाच जणींना घ्यायचे ठरले. त्यांच्यापैकी दोघी नात्यातल्याच होत्या, आणि नात्यातल्या बाईला ‘वहिनी, तासाचे किती देऊ?’ असे विचारणे अवघड जाते. म्हणून तासाऐवजी ओळीवर मजुरी धरली: सात फुटांच्या एका ओळीला ३५ रुपये. साठ ओळींचे २,१०० होतात व तासाला पन्नास रुपये पडतात. गावातली शेतमजुरी तेव्हा दिवसाला अडीचशे ते तीनशे होती, त्यामुळे घरात बसून, आपल्या वेळेने करायच्या कामाला हा दर सगळ्यांना मान्य झाला.

नगावर मजुरी दिली की काम ढिले होते, हा सगळीकडचा अनुभव आहे व तो येथेही पहिल्याच महिन्यात आला. ओळ लवकर संपावी म्हणून टाके लांब पडू लागले. त्यावर दोन नियम केले गेले. ओळी श्रीमती क. स्वतः खडूने आखून देतात, म्हणजे त्यांच्यातले अंतर बदलत नाही. आणि इंचाला किमान तीन टाके हे प्रमाण ठरले, ते न पाळलेली ओळ उसवून पुन्हा घालावी लागते. आणखी एक गोष्ट सरावाने कळली: प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो. एकाच गोधडीवर दोघींनी काम केले की मधोमध फुगवटा दिसतो. तेव्हापासून एक गोधडी एकाच हाती दिली जाते, जरी तीन आठवडे लागले तरी.

मजुरी ठरल्यावर किंमत काढणे सोपे झाले. टाक्याचे २,१००, श्रीमती क. यांच्या आठ तासांच्या पूर्वतयारीचे तासाला साठप्रमाणे ४८०, दोरा-पट्टी-साबण वगैरे ४५०, वेष्टन व पोहोचवण्याचे ३००, मिळून ३,३३०. किंमत ५,२०० ठेवली. मधल्या रकमेत गिऱ्हाइकाशी बोलणे, नोंदी, साड्या जपणे, कधी एखादे काम फुकट करून देण्याची वेळ, हे सारे धरलेले आहे. एकदम जवळजवळ तिप्पट होणारा दर सांगताना श्रीमती क. यांना फार संकोच वाटत होता. जुन्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांनी नंतर विचारणा केली नाही, हे खरे. परंतु जे राहिले आणि जे नव्याने आले त्यांनी घासाघीस फारच थोडी केली. आईच्या साड्या पाठवणारी व्यक्ती स्वस्त रजई शोधत नसते, ही गोष्ट १,८०० रुपयांच्या काळात लक्षात आली नव्हती.

*वर्षाचे वेळापत्रक.* हा बदल माझ्या मते दराहूनही उपयोगी ठरला. गोधडीला मागणी दिवाळीपासून थंडीपर्यंत येते, पण गोधडी करण्याचा काळ उन्हाळा आहे. पावसाळ्यात या भागात साडी चार-चार दिवस वाळत नाही, दमट कापडावर बुरशीचे ठिपके धरतात आणि जुलैमध्ये भातलावणीमुळे बायांना हातात सुई घ्यायला उसंत नसते. पूर्वी श्रीमती क. मागणी येईल तेव्हा काम घेत, म्हणजे नेमके ऑगस्टनंतर, आणि मग कोंडी होई. आता साड्या होळीपासून मेच्या मध्यापर्यंतच स्वीकारल्या जातात. पावसाआधी सगळे धुणे आणि थर लावणे पूर्ण होते, टाका जूनमध्ये व लावणी आटोपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पडतो, आणि दसऱ्यापासून पार्सले जाऊ लागतात. ऑक्टोबरमध्ये विचारणाऱ्याला पुढच्या होळीची नोंदणी किंवा तयार दुपटे, एवढेच सांगितले जाते.

*साडीची नोंद.* आलेल्या प्रत्येक साडीला क्रमांक मिळतो. उघडल्याबरोबर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली जातात. फाटणे, विरणे, जुने डाग हे सर्व गिऱ्हाइकाला त्याच दिवशी दाखवले जाते. कोपरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यावर घासून पाहिल्याशिवाय कोणतीही साडी भिजत नाही आणि प्रत्येक साडी वेगळी धुतली जाते. कोणती साडी वर, कोणती खाली, पदर कोठे यावा हे लिहून गिऱ्हाइकाकडे पाठवले जाते व तिचे लेखी ‘हो’ आल्याशिवाय कात्री चालत नाही. बोलता निरोप ग्राह्य धरला जात नाही.

यातूनच काही कामांना नकार देण्याची सवय लागली. जुन्या रेशमी साडीचा धागा बाहेरून चकचकीत दिसला तरी घडीवर चिरत जातो आणि जरीच्या काठातून सुई नीट निघत नाही. अशा साड्या आतही न घालता परत पाठवल्या जातात. गिऱ्हाइकाने फारच आग्रह केला तर काठ वेगळा काढून त्याची पट्टी लावली जाते, पण ती धुण्यात टिकेल याची हमी दिली जात नाही. एका पाचवारी साडीत एकेरी गोधडीचे जेमतेम दोन थर निघतात, त्यामुळे किमान तीन सुती साड्या हव्यात, हेही आता नोंदणीच्या वेळीच सांगितले जाते. नऊवारी असेल तर हिशेब थोडा सैल पडतो.

निम्मी रक्कम साड्या पोहोचल्यावर यूपीआयने घेतली जाते. पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवण्याचा एक प्रकार घडल्यापासून बँकेच्या खात्यात जमा दिसल्याखेरीज पावती दिली जात नाही.

*दुपटी.* तीन फूट बाय साडेतीन फुटांचे, तीन थरांचे दुपटे. छत्तीस ओळी, ओळीला दहा रुपये. वापरलेले कापड नको म्हणून इचलकरंजीहून नवे सुती कापड आणि मलमल आणली जाते व आधी धुऊन आटवून घेतली जाते. पहिल्या खेपेला आटवायचे राहिले आणि घरी धुतल्यावर दुपटी आखडली अशा तक्रारी आल्या होत्या. किंमत ९५०, टपालखर्च वेगळा.

*कायदा व नोंदणी.* उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य होती, ती करून घेतली. वस्तू व सेवा कराबाबत करसल्लागाराने दाखवलेला भेद कोणाच्याच ध्यानात आला नव्हता: गिऱ्हाइकाच्या मालकीच्या साड्यांवर काम करून त्या परत देणे ही कायद्याच्या भाषेत सेवा आहे, तर स्वतःच्या कापडाचे दुपटे विकणे ही वस्तूची विक्री. सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत, परराज्यातल्या गिऱ्हाइकाला दिली तरी, नोंदणी लागत नाही. वस्तू परराज्यात विकली तर मात्र साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते; अधिसूचित हस्तकला वस्तूंना त्यातून काही अटींवर सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत कोणत्या नोंदीखाली बसते हे सल्लागाराकडून लेखी घेतल्यावरच दुपटी महाराष्ट्राबाहेर पाठवण्यास सुरुवात झाली. तोवर ती राज्यातच विकली गेली.

अमेरिकेचा प्रश्न

२०२५ च्या नोंदणीत जवळजवळ एक तृतीयांश गोधड्या अमेरिकेतल्या कुटुंबांच्या होत्या. साड्या बहुधा पुण्या-मुंबईतल्या माहेरून येत आणि गोधडी टपालाने परदेशी जाई. श्रीमती क. यांनी त्यासाठी आयात-निर्यात क्रमांकही काढला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चित्र पालटले. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून रद्द केली, भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचे बहुतेक बुकिंग थांबवले आणि १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले तेव्हा घोषित किमतीच्या ५० टक्के शुल्क पाठवतानाच भरावे लागणार होते.

५,२०० च्या गोधडीवर २,६०० शुल्क आणि वर टपालखर्च. दोन गिऱ्हाइकांनी सुचवले, की ताई, पेटीवर ‘भेटवस्तू’ म्हणून लिहा आणि किंमत कमी दाखवा. श्रीमती क. यांनी ते मानले नाही. विकलेल्या वस्तूला भेट म्हणणे खोटे ठरते आणि पार्सल अडकले तर आत पुन्हा कोणाच्या तरी आईच्या साड्या असतात, हे त्यांचे कारण होते. त्यांनी प्रत्येकीला तीन मार्ग लिहून कळवले: शुल्क गिऱ्हाइकाने भरावे, किंवा गोधडी भारतातल्या नातेवाइकाकडे पोहोचवली जाईल, किंवा ती येथेच सांभाळून ठेवली जाईल. बहुतेकींनी दुसरा मार्ग घेतला. हिवाळ्यात भारतात आलेल्या कुटुंबीयांबरोबर गोधड्या गेल्या. शुल्क भरून घेणारे थोडे निघाले, दोन गोधड्या फेब्रुवारीपर्यंत ट्रंकेत राहिल्या. पैसे कोणाचे बुडाले नाहीत, परंतु दसऱ्याला अपेक्षित असलेली उरलेली निम्मी रक्कम अनेक ठिकाणी जानेवारीत आली आणि मधल्या काळात मजुरी श्रीमती क. यांनी घरच्या बचतीतून दिली.

परिणाम

सध्या वर्षाला पन्नास ते साठ गोधड्या आणि दीडशेच्या आसपास दुपटी होतात. एकूण उलाढाल चार लाखांच्या थोडी वर जाते. श्रीमती क. यांच्या हाती, स्वतःच्या कामाचे धरून, महिन्याला सरासरी चौदा हजारांच्या आसपास राहतात. फोन, प्रवास, छायाचित्रणाचे सामान यांचा खर्च त्यातून वजा व्हायचा असतो. पाचही जणींना वर्षभरात मिळणारी रक्कम वेगवेगळी आहे, कारण त्या आपल्या सवडीने काम घेतात. रंग लागल्याची घटना पुन्हा घडलेली नाही. साड्या परत पाठवण्याचे प्रसंग मात्र दर हंगामात येतात आणि त्या प्रत्येक वेळी एक काम हातचे जाते.

इन्स्टाग्रामवरच्या अनुयायांची संख्या आणि कामांची संख्या यांचा संबंध फारच सैल आहे. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओनंतर शेकडो संदेश आले, त्यांतून नोंदणी दोनच झाली. बहुसंख्य गिऱ्हाइके आधीच्या गिऱ्हाइकाच्या घरी गोधडी पाहून येतात.

वेगळे काय करता आले असते

पन्नास तासांचा हिशेब पहिल्या गोधडीलाच मांडता आला असता. त्याला वही आणि घड्याळ यांखेरीज काही लागत नव्हते. तो न मांडल्यामुळे तीन वर्षे सगळ्या ओळखीच्या वर्तुळात १,८०० हाच दर पक्का झाला आणि तो बदलताना नाती दुखावली. सुरुवातीला हौसेने कमी पैसे घेण्यात चूक नाही, पण पावतीवर खरी किंमत लिहून त्यातून सूट दाखवली असती तर पुढे दर वाढल्याचा धक्का बसला नसता.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांवर एक तृतीयांश काम अवलंबून ठेवणे ही जोखीम त्या वेळी दिसत नव्हती, असे म्हणणे काहीसे सवलतीचे होईल. शुल्काच्या बातम्या २०२५ च्या उन्हाळ्यातच येत होत्या. नोंदणीच्या वेळी ‘परदेशी पाठवण्याचा खर्च व शुल्क त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे’ एवढे एक वाक्य असते आणि उरलेली रक्कम गोधडी रवाना करतेवेळी न घेता ती तयार झाल्याबरोबर घेतली असती, तर पैशांची ओढाताण टळली असती. २०२६ च्या हंगामापासून ही रक्कम तशीच घेतली जात आहे.

मुलीवरचे अवलंबन हा अजून न सुटलेला भाग आहे. इन्स्टाग्रामचे खाते तिच्या फोनवर आहे, गिऱ्हाइकांशी लेखी बोलणे तीच करते आणि तिला पुण्यात पूर्णवेळ नोकरी लागली आहे. पाच जणींपैकी एकीची सून लिहिण्या-वाचण्यात तयार आहे; तिला महिन्याच्या ठरावीक रकमेवर हे काम द्यावे असा विचार आहे. तसे केले तर किंमत ५,८०० करावी लागेल, आणि त्याच वेळी ओळीची मजुरी ३५ वरून ४० करण्याची बायांची मागणीही पुढे आहे. दोन्ही एकदम मान्य केल्यास गोधडी ६,००० च्या पुढे जाते. श्रीमती क. यांचा कल मजुरी आधी वाढवण्याकडे आहे, मुलीचा कल मदतनीस आधी नेमण्याकडे. पुढच्या होळीची नोंदणी उघडण्यापूर्वी हा निर्णय घ्यायचा आहे.